झाकणारी पॅनेलं, ढकलणारी पॅनेलं

पडद्याची जागा ठरलेली असते आणि साधनं मात्र वाढतच जातात. चित्रं काढायचं सॉफ्टवेअर घ्या. मधोमध कॅनव्हास, आणि त्याच्या भोवती लेअर्स, रंग, ब्रश, अक्षरांची सेटिंग्ज, हिस्ट्री, नेव्हिगेटर. व्हिडिओ एडिट करणाऱ्यांकडे टाइमलाइन, दोन-दोन प्रीव्ह्यू, आवाजाचे मीटर, क्लिपांचा ढीग. कोड लिहिणाऱ्यांकडे फाइलींची यादी, टर्मिनल, एरर दाखवणारं पॅनेल. या सगळ्यांना जागा द्यायची तर वाटा दोनच. पॅनेल कडेला नेऊन डॉक करायचं, म्हणजे ते मुख्य विंडोचाच भाग होतं आणि बाकीचे त्याच्यासाठी सरकून बसतात. नाहीतर ते मोकळं ठेवायचं, म्हणजे ते सगळ्यांच्या वर तरंगत राहतं.

मी पानांची मांडणी करते आणि चित्रं काढते, त्यामुळे माझा दिवस अशा पॅनेलांच्या संगतीतच जातो. एखादी स्क्रीन नीट लावलेली असली की तिच्यासमोर बसलेल्या माणसाच्या खांद्यांकडे बघूनसुद्धा ते कळतं. मांडणीबद्दल बोलणं हे खऱ्या कामाआधीचं टंगळमंगळ करणं आहे, असं बऱ्याच जणांना वाटतं. मला तसं अजिबात वाटत नाही. आठ तास ज्या जागेत नजर फिरणार, ती जागा लावणं हे कामच आहे.

डॉक केलेलं पॅनेल ढकलतं आणि तरंगतं पॅनेल झाकतं. माझा मांडणीचा सगळा विचार या दोन क्रियापदांभोवती फिरतो.

आधी ढकलणं बघू. तुम्ही एक लांबलचक मजकूर वाचताय. मधेच काहीतरी बघायला डावीकडचं फाइलींचं पॅनेल उघडता. त्याला जागा हवी, म्हणून मजकुराचा रकाना अरुंद होतो, ओळी नव्यानं मोडतात, आणि जी ओळ वाचत होता ती कुठेतरी खाली निघून जाते. फाइल बघून झाली, पॅनेल मिटलं, की ओळी परत मोडतात. डोळे दोनदा जागा शोधतात. कॅनव्हासवर हे जास्त बोचतं. पेन टॅब्लेटवर टेकणार एवढ्यात उजवीकडचा डॉक उघडला आणि चित्र पाऊण इंच डावीकडे सरकलं, की रेघेला जो अंदाज लागतो तो मोडतो. चित्र तेच असतं, फक्त ते आता हाताला वाटत होतं तिथे नसतं.

आता झाकणं. तरंगतं रंगाचं पॅनेल नेमकं चेहऱ्यावर बसलेलं असतं. ते उचलून कोपऱ्यात ठेवावं, तर थोड्या वेळानं काम त्याच कोपऱ्यात जातं. पुन्हा उचला, पुन्हा ठेवा. पण एक गोष्ट तरंगत्या पॅनेलाच्या बाजूनं कबूल करायलाच हवी: त्याच्याखालचं काहीही हलत नाही. ते उघडा, मिटवा, शंभरदा करा, कॅनव्हास जागच्या जागी राहतो.

मग कोणतं पॅनेल कुठे? बहुतेक जण महत्त्वावरून ठरवतात. महत्त्वाचं ते डॉक, किरकोळ ते तरंगतं. माझ्या मते हे माप चुकीचं आहे. खरा प्रश्न असा की पॅनेल किती वेळा उघडतं आणि मिटतं. ढकलण्याची किंमत पॅनेल उघडताना आणि मिटताना मोजावी लागते. एकदा ते स्थिरावलं की पुढे काही द्यावं लागत नाही. झाकण्याची किंमत उलट आहे. उघडताना काहीच नाही, पण ते उघडं आहे तोवर मिनिटामिनिटाला मोजत राहायचं. म्हणून लेअर्ससारखं दिवसभर उघडं राहणारं पॅनेल डॉक करावं, आणि शोधा-बदला, रंग निवडणं, एखाद्या इफेक्टचे स्लायडर अशी पटकन उघडून पटकन मिटणारी पॅनेलं तरंगती ठेवावीत. शोधा-बदला कितीही महत्त्वाचं असो, ते डॉक केलं की दर शोधाला पान एकदा आक्रसतं आणि एकदा फुगतं.

ज्यांनी चांगली सॉफ्टवेअरं घडवली त्यांना हे उमगलेलं दिसतं. व्हिज्युअल स्टुडिओ या कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये पॅनेलाच्या शीर्षकपट्टीवर टाचणीचं छोटं चिन्ह असतं. टाचणी लावलेली असली की पॅनेल डॉक होऊन बसतं आणि कोडचा भाग त्याच्या शेजारी. टाचणी काढली की पॅनेल कडेला एका उभ्या पट्टीत जाऊन लपतं, त्या पट्टीवर क्लिक केलं की बाहेर सरकतं, आणि तेव्हा मात्र ते कोडला ढकलत नाही, त्याच्यावरून येतं. काम संपून दुसरीकडे क्लिक केलं की परत आत. तेच पॅनेल, तीच कड. कायमचं राहणार असेल तर ढकलायचं, डोकावून जाणार असेल तर झाकायचं. ज्यानं हा फरक केला त्यानं कुणाच्या तरी शेजारी बसून नीट पाहिलं असणार.

ब्लेंडर हे थ्रीडी चित्रं आणि ॲनिमेशन बनवायचं सॉफ्टवेअर या बाबतीत माझं सगळ्यात आवडतं उदाहरण. टोन रोझेंडाल यांनी नेदरलँड्समधल्या निओजिओ या ॲनिमेशन स्टुडिओसाठी ते सुरू केलं. विंडोंनी एकमेकींना झाकायचं नाही, हे त्याच्या रचनेचं मूळ तत्त्व. पूर्ण स्क्रीन चौकोनांत विभागलेली असते. चौकोनाच्या कोपऱ्यावर कर्सर नेला की तो अधिकचं चिन्ह होतो; तिथून आत ओढलं की चौकोनाचे दोन होतात, शेजारच्या चौकोनावर ओढलं की शेजारी गिळला जातो. कोणत्याही चौकोनात कोणताही एडिटर उघडता येतो. पहिल्यांदा हे करताना गोंधळ उडतो, कोपरा धरायला जावं आणि भलताच चौकोन नाहीसा व्हावा. पण एकदा हाताला वळण पडलं की बाकीची सॉफ्टवेअरं ताठर वाटायला लागतात. आणि तरीही, याच ब्लेंडरमध्ये एन दाबलं की उजवीकडे जी पट्टी येते, टी दाबलं की डावीकडे जी हत्यारांची पट्टी येते, त्या दोन्ही पट्ट्या थ्रीडी दृश्याच्या वर, अर्धपारदर्शक होऊन येतात. दृश्य हलत नाही. झाकायचं नाही हे तत्त्व मानणाऱ्यांनीसुद्धा सतत उघड-मीट होणाऱ्या पट्ट्यांसाठी झाकणंच निवडलं, याचं मला फार समाधान वाटतं.

हा झगडा काही आजचा नाही. झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत १९७३ साली अल्टो हा संगणक तयार झाला. त्याचा पडदा उभा, ६०६ बाय ८०८ पिक्सेलचा. एवढ्याशा जागेत बरंच काही मावावं म्हणून ॲलन के आणि त्यांच्या सोबत्यांनी स्मॉलटॉक या त्यांच्या प्रोग्रॅमिंग भाषेत एकमेकींवर चढणाऱ्या विंडो आणल्या. वरची हलवली की खालची दिसते. कागदावर कागद ठेवावा तशी ही कल्पना आता इतकी अंगवळणी पडली आहे की ती कुणाला तरी सुचावी लागली हेच विसरायला होतं. पण त्याच झेरॉक्सनं १९८१ साली स्टार हा संगणक बाजारात आणला तेव्हा विंडो शेजारी-शेजारी बसवल्या. मायक्रोसॉफ्टचं विंडोज १.० नोव्हेंबर १९८५ मध्ये आलं, त्यातही विंडो फरशांसारख्या लागून-लागून, फक्त डायलॉग, म्हणजे काही विचारणाऱ्या छोट्या चौकटी, तेवढ्या वर येणाऱ्या. १९८७ च्या डिसेंबरात विंडोज २.० आलं आणि विंडो एकमेकींवर चढू लागल्या.

झाकणं हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या दृष्टीनं अवघड होतं हेही लक्षात ठेवायला हवं. खालच्या विंडोचा वेडावाकडा उघडा राहिलेला तुकडा ओळखायचा आणि चित्र फक्त तेवढ्यातच उमटवायचं, तेही त्या काळच्या यंत्रावर. ॲपलच्या बिल ॲटकिन्सन यांनी १९७९ मध्ये पार्कला भेट दिली आणि तिथे अर्धवट झाकलेल्या विंडोत काम चालतं असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात तिथे ती सोय नव्हती. होऊ शकतं असं समजून ते कामाला लागले आणि ॲपलच्या लिसा या संगणकासाठी, पुढे मॅकिंटॉशसाठी ते खरोखर घडवून दाखवलं. त्याच ॲटकिन्सन यांच्या हायपरकार्ड या सॉफ्टवेअरमध्ये १९८७ साली हत्यारांचा मेनू ओढून काढता यायचा, आणि तो लहानसं पॅलेट होऊन तरंगत राहायचा. मेनूतून निवडायची गोष्ट हाताजवळ आणून ठेवायची ही कल्पना मला आजही सुंदर वाटते.

ऑपरेटिंग सिस्टिममध्ये तरंगत्या विंडो जिंकल्या खऱ्या, पण मोठ्या सॉफ्टवेअरांच्या पोटात काटा हळूहळू उलट दिशेला सरकला. फोटोशॉपची पॅलेटं वर्षानुवर्षं तरंगायची. २००७ च्या सीएसथ्री आवृत्तीमध्ये ती कडेच्या डॉकमध्ये बसू लागली, मिटवून नुसत्या चिन्हांएवढी करता येऊ लागली. २००८ च्या सीएसफोरनं उघडलेल्या फाइलींनाही टॅब दिले. गिंप या चित्रांच्या सॉफ्टवेअरची कथा तर आणखी बोलकी आहे. हत्यारं एका विंडोत, लेअर्स दुसऱ्या, चित्र तिसऱ्या; मधल्या फटींतून मागचा डेस्कटॉप डोकावायचा आणि चुकून तिथे क्लिक झालं की दुसरंच काहीतरी समोर यायचं. २०१२ मध्ये २.८ आवृत्तीनं सगळं एका विंडोत आणायची सोय दिली आणि २०१८ च्या २.१० मध्ये तीच मूळची मांडणी झाली. त्या फटींबद्दल लोक वर्षानुवर्षं तक्रार करत होते. काहींना मात्र त्या हव्याच होत्या, कारण त्यांच्याकडे दोन मॉनिटर होते. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते.

पॅनेल डॉक करण्याची प्रत्यक्ष कृती हाही एक नाजूक क्षण आहे. शीर्षकाला धरून पॅनेल उचललं की ते अर्धवट पारदर्शक होतं. कडेजवळ नेलं की निळी रेघ उमटते: सोडलंत तर इथे बसेल. रेघ उभी असेल तर नवा स्तंभ, आडवी असेल तर दोन पॅनेलांच्या मधे, आणि पूर्ण पॅनेलाभोवती निळी चौकट आली तर टॅब होऊन त्याच्याच पोटात. या तिन्ही जागा एकमेकींपासून काही पिक्सेलांवर असतात. नवशिक्याला वाटतं सॉफ्टवेअर मनमानी करतंय. खरं तर ते कर्सर कुठे आहे ते बघतं, पॅनेल कुठे आहे ते बघत नाही. म्हणून मोठ्या पॅनेलाची कड कडेला भिडवून काही होत नाही, कर्सर तिथे जावा लागतो. एवढं एक वाक्य सांगितलं की शिकणाऱ्याची निम्मी झटापट थांबते. आणि पॅनेल कुठेही चिकटायला नकोच असेल तर ओढताना कंट्रोल दाबून धरायचं, मॅकवर कमांड. फोटोशॉपमध्ये त्या वेळी निळी रेघ येतच नाही.

व्हिज्युअल स्टुडिओनं यासाठी वेगळी युक्ती केली. पॅनेल ओढायला लागलं की मधोमध बाणांचं एक चक्र उगवतं, वर-खाली-डावी-उजवीचे चार बाण आणि मधे टॅबचा चौकोन. कर्सर ज्या बाणावर नेला तिथे पॅनेल बसणार, आणि सोडण्याआधी ती जागा रंगून दिसते. काही पिक्सेलांचा अंदाज बांधण्याऐवजी एक ठळक लक्ष्य मिळतं.

लक्ष्याचा विषय निघालाच आहे तर पॉल फिट्स यांचं नाव घ्यायला हवं. १९५४ साली त्यांनी हाताच्या हालचालीबद्दल जो नियम मांडला तो अजून टिकून आहे: लक्ष्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ अंतर आणि लक्ष्याचा आकार यांच्या गुणोत्तरावर ठरतो. लांबचं पण मोठं असलेलं जवळच्या छोट्याइतकंच पटकन सापडू शकतं. स्क्रीनच्या अगदी कडेला असलेलं बटण या हिशेबात फार मोठं होतं, कारण कर्सर कडेला आपटून थांबतो, पुढे जाऊच शकत नाही. म्हणून हत्यारांची पट्टी खऱ्याखुऱ्या कडेला भिडलेली असावी, मधे दोन पिक्सेलांचीही फट नको. दोन मॉनिटर शेजारी लावले की हा फायदा मधल्या कडेवर नाहीसा होतो. तिथे कर्सर थांबत नाही, सरळ पलीकडे घुसतो. दोन मॉनिटर असले तर मी हत्यारं बाहेरच्या कडेलाच ठेवते ती यामुळे.

पेननं थेट स्क्रीनवर काढणाऱ्यांसाठी आणखी एक झाकणारा असतो, तो म्हणजे त्यांचा स्वतःचा हात. उजव्या हातानं काढत असाल तर तळहात खालचा उजवा भाग जवळजवळ कायम झाकून टाकतो. म्हणून नुसत्या बघायच्या गोष्टी, म्हणजे संदर्भचित्र, नेव्हिगेटर, वर डावीकडे. आणि ज्यांना पेन टेकवायचं आहे त्या, म्हणजे ब्रश आणि रंग, उजवीकडे, हाताच्या वाटेवर. डावखुऱ्यांनी हे सरळ उलटं करावं. तयार मिळणाऱ्या मांडण्या बहुतेक वेळा हा विचारच करत नाहीत, त्यामुळे कुणी डावखुरं शिकायला आलं की मी आधी पॅनेलांची बाजू बदलते, मग बाकीचं.

आणि जागा एकदा ठरली की ती बदलू नये, निदान उगाच बदलू नये. अंधारात घरातल्या दिव्याचं बटण जसं हाताला सापडतं तसं लेअर्सचं पॅनेल सापडायला हवं. दर आठवड्याला स्क्रीन नव्यानं सजवणारे लोक मी पाहते, त्यांची मांडणी दिसायला देखणी असते, पण त्यांचे डोळे मात्र काही ना काही शोधत असतात. टॅब दाबून सगळी पॅनेलं घालवायची आणि पुन्हा टॅब दाबून ती होती तिथेच आणायची, ही फोटोशॉपमधली सोय म्हणूनच मोलाची आहे. प्रीमिअर या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एकच्या डावीकडची की दाबली की कर्सरखालचं पॅनेल पूर्ण विंडोभर पसरतं आणि पुन्हा दाबली की आपल्या घरी जातं. ब्लेंडरमध्ये तेच कंट्रोल-स्पेसनं होतं. जागा द्यायची पण पत्ता बदलायचा नाही.

दुसरा मॉनिटर आला की सगळे प्रश्न सुटले असं वाटतं, कारण तिथे नेलेलं पॅनेल झाकतही नाही आणि ढकलतही नाही. ते फक्त दूर जातं. बघायच्या गोष्टींसाठी हे उत्तम आहे, सतत क्लिक करायच्या गोष्टींसाठी मानेला आणि मनगटाला महाग. शिवाय तो मॉनिटर एक दिवस काढला जातो. लॅपटॉप घेऊन दुसरीकडे बसावं, सॉफ्टवेअर उघडावं, आणि पॅनेल दिसू नये. मेनूत त्याच्या नावापुढे बरोबरची खूण आहे, म्हणजे ते उघडं आहे, पण कुठे? ते आहे तिथेच आहे. त्याचा पत्ता आकड्यांत लिहून ठेवलेला असतो. पहिला मॉनिटर १९२० पिक्सेल रुंद आणि पॅनेल २४०० वर असेल, तर ते दुसऱ्या मॉनिटरच्या ४८०व्या पिक्सेलवर होतं. दुसरा मॉनिटर गेला, पत्ता राहिला. मॉनिटर डावीकडे लावलेला असेल तर आकडा ऋणही असतो.

विंडोजवर हरवलेली विंडो परत आणायची एक जुनी रीत आहे आणि ती प्रत्येकाला यायला हवी. ऑल्ट-टॅबनं त्या विंडोवर या. ऑल्ट आणि स्पेस दाबा, मग एम, मग बाणाची कोणतीही एक की. आता माउस हलवा. विंडो कर्सरला चिकटून कुठून तरी आत येते. क्लिक केलं की तिथे राहते. नाहीतर विंडोज की, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण, यानं विंडो एका मॉनिटरवरून दुसऱ्यावर उडी मारते. लहान पॅलेटांना पुष्कळदा यातलं काही लागू पडत नाही, मग वर्कस्पेस, म्हणजे पॅनेलांची सगळी मांडणी, रीसेट करणं एवढाच मार्ग उरतो, आणि तेव्हा ज्यानं आपली मांडणी नाव देऊन सेव्ह करून ठेवली आहे तोच सुखी.

हे सेव्ह होणंसुद्धा आपोआप घडत नाही, कुणीतरी ते काळजीनं लिहिलेलं असतं. क्यूटी या, सॉफ्टवेअर बनवायला तयार भाग देणाऱ्या टूलकिटमध्ये मुख्य विंडोची सगळी मांडणी एका फंक्शननं साठवता येते आणि दुसऱ्यानं परत आणता येते. अट एवढीच की प्रत्येक डॉकला स्वतःचं वेगळं ऑब्जेक्ट-नाव दिलेलं हवं. ते द्यायचं राहिलं तर परत आणताना कुठलं पॅनेल कुठलं हे सॉफ्टवेअरला ओळखता येत नाही. एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये बाकी सगळं जागेवर येतं आणि एकच पॅनेल दरवेळी भलतीकडे जातं, तेव्हा मला असा एखादा न दिलेल्या नावाचा धागा आठवतो.

कामाच्या टप्प्यांप्रमाणे वेगवेगळ्या मांडण्या ठेवाव्यात का? ठेवाव्यात, पण मोजक्या. ब्लेंडरच्या २.८ आवृत्तीत, २०१९ साली, वरच्या बाजूला वर्कस्पेसचे टॅब आले: लेआउट, मॉडेलिंग, स्कल्प्टिंग, असे. व्हिज्युअल स्टुडिओ तर डीबगिंग, म्हणजे कोडमधल्या चुका शोधणं, सुरू झालं की आपणहून दुसरी मांडणी आणतं आणि थांबलं की आधीची. आपण न सांगता पॅनेलं हलणं मला एरवी खपत नाही, पण इथे चालतं, कारण डीबगिंगची मांडणीही दरवेळी तीच असते. हाताला दोन जागा शिकायला हरकत नसते, त्या दोन्ही पक्क्या असल्या म्हणजे झालं.

माझी एक मागणी मात्र जवळजवळ सगळीकडे अपुरी आहे. कॅनव्हासवर चूक झाली की कंट्रोल-झेड आहे, पण मांडणी बिघडली की ते चालत नाही. पॅनेल ओढताना हात निसटला, ते भलत्या टॅबमध्ये जाऊन बसलं, स्तंभाची रुंदी बदलली. हे सगळं हातानं परत लावायचं. इमॅक्स या मजकूर आणि कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये विनर-मोड सुरू केला की कंट्रोल-सी आणि डावा बाण दाबून विंडोंची आधीची रचना परत येते, आणखी दाबलं की त्याच्याही आधीची. साधी, जुनी सोय. ती हाताशी असली की माणूस मांडणीत बिनधास्त प्रयोग करतो: एखादं पॅनेल तासभर तरंगतं ठेवून बघतो, नाही जमलं तर मागे जातो. फोटोशॉपमध्ये वर्कस्पेस लॉक करायचा पर्याय आहे, त्यानं अपघात टळतात, पण प्रयोगही थांबतात. मांडणीसाठी वेगळं अनडू येईपर्यंत मी काहीही हलवायच्या आधी चालू वर्कस्पेस नव्या नावानं सेव्ह करते, नावात तारीख घालते, आणि मगच पॅनेलाच्या शीर्षकाला हात लावते.